वस्तीचा नकाशा मुलांच्या हाती
राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. तिच्या शिबिरांतील श्रमदान आपल्या परिचयाचे आहे. मावळातील परंदवडीसारख्या गावी तितकेच मोलाचे आणखी एक काम करता येते. ते म्हणजे शाळकरी मुलांना वस्तीचा आराखडा करावयास शिकविणे.

प्रथम मुलांसह गावफेरी काढावी. नंतर शाळेच्या अंगणात रांगोळीने नकाशा रेखावा. घर, ओढा, विहीर, पायवाट मुलांनीच दाखवावी. आपण उत्तर सांगू नये. पाणी कोठे तुंबते, रस्ता ओलांडताना भीती कोठे वाटते, हे त्यांनाच ठाऊक असते. शेवटी नकाशा कागदावर उतरवून ग्रामसभेपुढे ठेवावा.

ग्रामसभा मतदारांची, तेथे मुलांना मत नाही. द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झालेल्या या तालुक्यात जमिनीला मोल आहे. नोंद नसलेल्या पायवाटेवर उद्या भिंत उभी राहू शकते.