फेब्रुवारी-ऑगस्टची हिंदी

बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या एका दारापुढे संध्याकाळी सहाला चपलांचा ढीग पडतो. आत सतरंजीवर दहा-बारा मुलं आणि त्यांना हिंदी शिकवणाऱ्या, कन्नड घरातल्या बाई. 1978 मध्ये केऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीनं कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूरच्या 332 एकरांवर ही वसाहत वसवायला घेतली. आज इथे घराघरात वेगळी भाषा आहे. वर्गातली मुलंही तेलुगू, तमिळ, मल्याळम घरांतली. मराठी दोन, त्यातली एक माझी मुलगी. शाळेत मराठी नाही, म्हणून निदान देवनागरी तरी हातात बसावी, एवढ्यासाठी तिला इथे घातलं. सगळ्यांची तयारी दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या 'प्राथमिक' परीक्षेची. परीक्षा फेब्रुवारीत, नाहीतर ऑगस्टमध्ये.

1918 मध्ये इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनात गांधीजींनी दक्षिणेत हिंदी शिकवण्याचा विषय लावून धरला आणि स्वतःच्या मुलालाच, देवदासला, मद्रासला धाडलं. त्यातूनच पुढे ही सभा उभी राहिली. गांधीजी अखेरपर्यंत तिचे अध्यक्ष होते. 1964 मध्ये संसदेनं कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवलं. पण सभा जगवली ती प्रचारकांनी. प्राथमिक, मध्यमा, राष्ट्रभाषा, प्रवेशिका, विशारद असं करत प्रवीणपर्यंत जायचं आणि मग आपल्याच घरी चार मुलं जमवायची, हा त्यांचा शिरस्ता. आमच्या बाईसुद्धा लग्नानंतर, घर सांभाळून प्रवीण झाल्या. मला त्यांचा फार आदर वाटतो.

पण हिंदीला विरोधही झाला. 1938 मध्ये मद्रास प्रांताच्या सरकारचे प्रमुख राजाजी यांनी तिथल्या शाळांत हिंदी सक्तीची केली आणि रान पेटलं. 1940 मध्ये सक्ती मागे घ्यावी लागली. 2017 मध्ये बेंगळुरूच्या मेट्रो स्थानकांवरची हिंदी अक्षरंही विरोधामुळे काढली गेली. त्याच शहरात पालक फी भरून मुलांना हिंदीला घालतात. यात मला विसंगती वाटत नाही. लादलेलं माणूस झिडकारतो, आपण होऊन घेतलेलं जपतो.

वर्गात सगळ्यांत जास्त घाम काढतं ते लिंग. कन्नड, तेलुगूत निर्जीव वस्तूला स्त्री-पुरुष भेद नसतो, त्यामुळे कुर्सी कोण आणि दरवाजा कोण, हे मुलांना घोकावंच लागतं. 'उसने रोटी खाई' माझ्या मुलीला चटकन जमतं, कारण घरी 'तिने पोळी खाल्ली' असतंच. मात्र चहापाशी ती हमखास अडते : आपल्याकडे चहा गार होतो, हिंदीत चाय ठंडी होती है. शिक्षण या अर्थाचा हिंदी 'शिक्षा' शब्द आला तेव्हा ती दचकली. शेजारची कन्नड मुलगीही दचकली, कारण 'शिक्षे' म्हणजे कन्नडमध्येही दंडच!

दिवाळीत आजीचं पत्र आलं. मुलीनं ते बोट ठेवून वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीत, 'बाळ' शब्दावर अडली. हे अक्षर तिच्या हिंदीच्या पुस्तकात नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पत्र घेऊनच वर्गाला गेली. बाईंनी 'हळ्ळी' हा कन्नड शब्द म्हणून दाखवला, खाली त्याच उच्चाराचं कन्नड अक्षर काढलं आणि शेजारी आजीच्या अक्षरातला ळ. आता हिंदीच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती दोन्ही गिरवते.