व्हाउचरवर नाव

पहाटे 5.30

परळच्या बाजूला गोडाऊनचं शटर वर जातं तेव्हा टेम्पो लागलेला असतो. रविवारी दोन प्रयोग. सकाळी 11 ला दादरच्या शिवाजी मंदिरात, दुपारी 4.30 ला ठाण्याच्या गडकरी रंगायतनला. आम्ही पाच जण. आधी सेटचे फ्लॅट चढवायचे, उभे करून दोरीने आवळायचे. मग लेव्हल, दाराची चौकट, प्रॉपर्टीच्या ट्रंका. सोफा सगळ्यात शेवटी, कारण दोघांना त्याच्यावर बसून जायचं असतं. आज एक नवा पोरगा आलाय, डोंबिवलीहून. फ्लॅट उचलताना बोटं चौकटीच्या आतल्या बाजूला घ्यायची, हे त्याला पहिल्यांदा दाखवलं. बाहेर ठेवली तर टेम्पोच्या फाळक्यात चिरडतात.

7.00

दादरला फुलबाजाराची गर्दी ओसरायच्या आत आम्ही पोचतो. रंगमंच रिकामा मिळाला की पावणेतीन-तीन तास हाताशी असतात. फ्लॅट एकमेकांना सुतळीने बांधायचे, मागून ब्रेस लावून ब्रेसवर वजन ठेवायचं, दार उघडून-मिटून बघायचं. प्रकाशवाला शिडीवर, खालून एकाने शिडी धरलेली. शिडी धरणारा माणूस दुसऱ्या कामाला पळवायचा नाही, हा आमच्या रंगमंच कामगारांच्या संघटनेचा पहिला नियम. तो कुणी कायद्यातून काढलेला नाही. मागे एका दौऱ्यावर शिडी धरणाऱ्याला इस्त्रीचा सॉकेट शोधायला पाठवलं आणि वरचा मुलगा खाली आला. मनगट मोडलं. प्लॅस्टरचे पैसे मिळाले, पण बुडालेल्या प्रयोगांचे पैसे द्यायला कुणीच बांधील नव्हतं. तो त्या दिवशी कुणाच्या नोकरीत होता, हेच कागदावर कुठे नव्हतं.

10.15

सेट लागला, चहा आला. बुकिंगच्या खिडकीवरचा क्लार्क, डोअरकीपर, झाडू मारणाऱ्या मावशी या सगळ्यांशी बोलायला हाच वेळ बरा. संघटना फक्त पडद्यामागच्यांची असावी असं आमच्यातल्या काही जुन्यांना वाटतं. मला ते पटत नाही. ठिकठिकाणच्या नाट्यगृहांत साफसफाई आणि सुरक्षेची माणसं ठेकेदाराची असतात. ठेकेदार बदलला की मावशी तीच, पण तिची नोकरी नवी. तिचा प्रश्न आणि आमचा प्रश्न एकच आहे. मावशींनी वर्गणीचं पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी देते, दादा. आज बरोबरच्या दोघींना विचारते." हे उत्तर मला तिथल्या तिथे मिळालेल्या पैशांपेक्षा जास्त आवडतं.

11.00

तिसरी घंटा.

पहिल्या अंकात दोन ब्लॅकआउट आहेत. दुसऱ्यात दिवाणखान्याचं हॉस्पिटल होतं. अंधार झाला की मी आणि आमचा जुना जोडीदार सोफा उचलतो. सहा पावलं मागे, विंगेत वळायचं, ठेवायचा. त्याच वाटेने दुसरे दोघे पलंग घेऊन आत येत असतात. कुणी बोलत नाही. पलंगाच्या पायाखाली कापड गुंडाळलेलं असतं, म्हणजे आवाज होत नाही. खाली चिकटपट्टीचे छोटे तुकडे अंधारात अंधुक चमकतात, त्यावर पलंगाचे पाय बरोबर बसायला हवेत. दोन बोटं जरी सरकला, तरी रुग्णाचा चेहरा स्पॉटच्या बाहेर जातो. दिवे येईपर्यंत आम्ही विंगेत. या कामाला कसब लागतं आणि हे कसब वर्षानुवर्षं बघून, चुकून, पाठ करून येतं. तरी ते कुठल्याच यादीत कुशल काम म्हणून धरलं जात नाही, याची मला खरोखर चीड येते.

दुपारी 1.30

प्रयोग संपला की बाहेर लोक सेल्फी घेतात आणि आत हातोड्या सुरू होतात. त्याच रंगमंचावर दुपारी दुसऱ्या संस्थेचं नाटक असतं, त्यांचा टेम्पो खाली उभा असतो. त्यांची माणसं आमचे फ्लॅट उतरवायला हात लावतात, आम्ही त्यांच्या लेव्हल वर घेतो. कुणी सांगत नाही, कुणी पैसे मागत नाही. संघटना कशी उभी राहणार म्हणून जे शंका काढतात, त्यांनी ही पाऊणएक तासाची अदलाबदल एकदा येऊन बघावी.

2.30

टेम्पो पूर्व द्रुतगती मार्गावर. डबे उघडले. नव्या पोराने विचारलं, "दादा, सभासद होऊन मिळतं काय?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याला प्रयोगाच्या हिशेबाने पैसे मिळतात. त्याला नाईट म्हणतात. त्यात माल भरणं, लावणं, काढणं, प्रवास, ताटकळणं सगळं आलं. प्रयोग नाही तर नाईट नाही. या महिन्यात तीन निर्मात्यांकडे काम केलं, तर मालक कोण? प्रॉव्हिडंट फंड कुणी भरायचा? प्रत्येक जण म्हणतो, हा माझा माणूस नाही, फक्त माझ्या प्रयोगाला येतो. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा हे उघडं पडलं. मधले काही महिने उघडून ती पुन्हा बंद झाली आणि 22 ऑक्टोबर 2021 ला निम्म्या प्रेक्षकांत परत उघडली. मधल्या काळात कलाकारांनी, प्रेक्षकांनी मदत केली, तांदूळ-डाळ दिली, खात्यात पैसे टाकले. त्यांचे उपकार आहेतच. पण मदत द्यायला निघालेला माणूस आधी यादी मागतो, आणि पडद्यामागच्या माणसांची यादी करायला आम्हाला एकेकाला फोन करत बसावं लागलं.

मग मी त्याला माथाडींचं सांगितलं. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांना संघटित केलं, त्या हमालांचाही मालक एक नव्हता. आज या पेढीचं पोतं, उद्या त्या. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला. त्यातून मंडळं झाली. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाचीही नोंद मंडळाकडे. मजुरी मंडळात भरायची, वर ठरलेली लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. मालक बदलला तरी खातं तेच राहतं. पुढे 1981 मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला. मग रंगमंचाला का नको? आपल्याकडे तर वसुलीची जागाही तयार आहे. निर्माता कुणीही असो, तारीख घ्यायला त्याला नाट्यगृहाच्या खिडकीवर यावंच लागतं. भाड्याबरोबर प्रत्येक प्रयोगामागे लेव्ही तिथेच भरून घ्यायची.

आमचा प्रकाशवाला एकदा नाटकाबरोबर अमेरिकेला गेला होता. तिथल्या मोठ्या सभागृहात त्याला दिव्याला हात लावू दिला नाही, तिथलीच माणसं दिवे लावणार. तेव्हा त्याला राग आला होता. नंतर त्याने माहिती काढली. त्या लोकांची आयएटीएसई ही संघटना 1893 पासूनची. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंच कामगारांनी संप केला तेव्हा ब्रॉडवेवरची बहुतेक नाटकं 19 दिवस बंद होती. आता तोच हे टेम्पोत सगळ्यांना सांगतो.

संध्याकाळी 6.00

गडकरीत मध्यंतर. व्यवस्थापक पाकिटं घेऊन येतो. मोठा व्यावसायिक निर्माता असो वा हौसेने उतरलेला, व्हाउचर सारखंच असतं: "बॅकस्टेज, 5 माणसं", खाली रक्कम आणि एकाची सही. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही एकच गोष्ट धरून बसलोय. पाच जणांची पाच नावं लिहा, पाच सह्या घ्या. आजच्या व्यवस्थापकाने आधी कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, त्याने काय होणार? ऑडिटवाले पुन्हा विचारत बसतील." मी म्हटलं, "साहेब, विचारू द्या. नाटकाचा खर्च आहे, चोरी थोडीच आहे." मग त्यानेच पेन काढलं. नव्या पोराने आपलं नाव आडनावासकट, सावकाश लिहिलं.

निर्माते आमचे वैरी नाहीत हे मी प्रत्येक सभेत सांगतो. जाहिरातींचा खर्च, नाट्यगृहाचं भाडं, रिकाम्या खुर्च्या हे आम्ही विंगेतून रोज बघतो. म्हणूनच लेव्ही सगळ्यांना सारखी हवी. जो भरतो तो महाग आणि जो चुकवतो तो स्वस्त, असं झालं तर चांगला निर्माताच आधी मरेल.

रात्री 9.15

टेम्पो गोडाऊनला रवाना, दोघे त्याच्याबरोबर गेले. आम्ही मासुंदा तलावाच्या कठड्याशी जमलो. दुसऱ्या दोन नाटकांची माणसंही आली, एक रंगभूषाकार, एक ध्वनीवाला. ठरलं ते असं. महिनाभर प्रत्येकाने आपल्या नावाच्या व्हाउचरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा. कोण किती निर्मात्यांकडे काम करतो याचा तक्ता त्यातून करायचा आणि तो जोडून माथाडींसारख्या मंडळाच्या मागणीचा अर्ज कामगार आयुक्तांकडे द्यायचा. ध्वनीवाल्याची मुलगी कॉमर्सला आहे, ती तक्ता करून देणार. बोरिवली आणि कल्याणच्या नाट्यगृहांतल्या लोकांशी रंगभूषाकार बोलेल. डोअरकीपरना अर्जात घ्यायचं की नाही यावर वाद झाला, आवाज चढले, शेवटी हात वर करून मत घेतलं. घ्यायचं.

नव्या पोराला डोंबिवलीची गाडी चुकवायची नव्हती. वर्गणी देऊन तो स्टेशनकडे निघाला. मंगळवारी गोडाऊनला सेटची डागडुजी आहे, तिथे उरलेले फॉर्म भरून घ्यायचे.