सावरीचे लाकूड

फाल्गुनात तांबड्या फुलांनी बहरणारी काटेसावर खेड्यातील मुलांच्या परिचयाची असते. परंतु तिचे लाकूड कुचकामी, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती अर्धीच खरी आहे. हे लाकूड पांढरट, मऊ व हलके असते. वाळल्यावर त्याचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. शास्त्रात मात्र मृदुकाष्ठ हे नाव चीड, देवदार अशा सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडास आहे. रुंद पानांची सावर मऊ असूनही त्यात मोडत नाही.

आगकाड्या, खोकी व प्लायवूड यांसाठी हे स्वस्त लाकूड उपयोगी पडते. तथापि त्यास बुरशी व कीड त्वरित लागते. म्हणून झाड तोडताच ते चिरावे आणि फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, छपराखाली हवेशीर रचून लवकर वाळवावे. तुळया व वासे यांसाठी ते कदापि वापरू नये. मुलांच्या डोक्यावरील छपरात केलेली ही काटकसर जिवावर बेतू शकते.

शिक्षकांनी सावर व साग यांचे सारख्या मापाचे वाळलेले तुकडे पाण्यात सोडून दाखवावेत. सावरीचा तुकडा अधिक वर तरंगतो. हा फरक पाहिल्यावर, कोणते लाकूड कोठे वापरावे, हा प्रश्न मुले आपणहून विचारू लागतील.