एका सिमवर चार पडदे

अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेडमार्गे तेलंगणातील संगारेड्डीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ आणि नागपूरहून यवतमाळ, उमरखेड, हदगाव, नांदेड, लातूर असे टप्पे घेत तुळजापूरला पोहोचणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ हे दोन्ही कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाट्यावर एकमेकांना भेटतात. अशा फाट्यावर एसटीची वाट पाहणारा विद्यार्थी, ढाब्यावर गाडी लावून भाड्याचे कागद पाहणारा ट्रकचालक आणि हळदीचा त्या दिवशीचा वसमतचा भाव विचारणारा शेतकरी यांपैकी कोणाच्याही हाताशी घरचे वाय-फाय नसते. असतो तो फक्त फोन, आणि एकाच्या फोनमधला डेटा संपला की दुसऱ्याला 'जरा हॉटस्पॉट चालू कर' असे सांगण्याची रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की त्या एका बटणामागे नेमके काय घडते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

हॉटस्पॉट इंटरनेट निर्माण करत नाही, तो ते वाटून देतो. हा भेद ध्यानात आला की या सोयीबद्दलच्या बहुतेक तक्रारींचा उलगडा आपोआप होतो. स्मार्टफोनमध्ये निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे रेडिओ असतात. त्यांपैकी एक कंपनीच्या टॉवरशी बोलतो आणि दुसरा वाय-फायच्या लहरींवर जवळपासच्या उपकरणांशी. हॉटस्पॉट सुरू करताच फोन या दोहोंच्या मध्ये उभा राहून राउटरचे, म्हणजे माहितीची पाकिटे योग्य ठिकाणी वळवणाऱ्या यंत्राचे, काम करू लागतो. जोडल्या गेलेल्या प्रत्येक उपकरणाला तो एक खासगी पत्ता देतो, जो बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो आणि त्या छोट्या जाळ्याबाहेर निरुपयोगी असतो. लॅपटॉपने एखादे संकेतस्थळ मागितले की फोन त्या मागणीवरचा खासगी पत्ता काढून स्वतःचा पत्ता घालतो, कोणती मागणी कोणाची होती याची नोंद एका तक्त्यात ठेवतो, आणि उत्तर आले की तो तक्ता पाहून ते नेमक्या उपकरणाकडे पोहोचते करतो. या पत्ताबदलामुळे बाहेरच्या जगाला चार पडद्यांऐवजी एकच फोन आणि एकच सिम दिसते. ही बाब पुढे जबाबदारीचा प्रश्न आला की महत्त्वाची ठरते.

फाट्यावर सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार अशी, की लॅपटॉपवर वाय-फायच्या साऱ्या कांड्या भरलेल्या दिसतात आणि तरीही पान उघडत नाही. याचे कारण असे की त्या कांड्या लॅपटॉप आणि शेजारच्या फोनमधील दुव्याचीच ताकद दाखवतात. फोन आणि टॉवर यांच्यामधल्या दुव्याबद्दल त्या काहीही सांगत नाहीत. इसापूर धरणाच्या कालव्यावर शेती असणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये, कारण कालव्याला पाणी कमी सुटले असेल तर खाली कितीही चाऱ्या काढल्या आणि त्या कितीही स्वच्छ राखल्या तरी शेवटच्या वावरापर्यंत पाणी जात नाही. नांदेडकडे निघालेल्या एसटीत हाच अनुभव अधिक ठळकपणे येतो: फोन आणि लॅपटॉप एकाच आसनावर असल्याने त्यांच्यातला दुवा स्थिर राहतो, मात्र गाडी पुढे सरकत असल्याने फोनला एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरावा लागतो, आणि या हस्तांतरात किंवा दोन टॉवरांमधल्या विरळ पट्ट्यात डाउनलोड खोळंबते. अशा वेळी लॅपटॉपचे वाय-फाय बंद करून पुन्हा चालू करण्याने काही साधत नाही. फोन खिडकीशी धरला तर काही वेळा साधते, कारण पत्र्याची बांधणी लहरींना अडवते.

वाय-फायच्या बाजूलाही एक निवड असते. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांबवर पोहोचतो आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण ब्लूटूथपासून शेजारच्या दुकानातील राउटरपर्यंत अनेकांची तेथे गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान आणि मोकळा, मात्र एका भिंतीतच तो दमतो. जुन्या लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसतच नसेल, तर बहुतेकदा त्याला दुसरा पट्टा ऐकू येत नसतो आणि फोनच्या सेटिंगमध्ये पहिला पट्टा निवडताच अडचण सुटते. हे दोन्ही पट्टे कोणालाही परवान्याशिवाय वापरता येतात, पण ही मुभा पूर्वीपासून नव्हती: भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचनेद्वारे परवानामुक्त झाला. फोनमध्ये हॉटस्पॉटची सोय मात्र त्या दोन तारखांच्या मधल्या काळात आली, अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीने ती २०१० मध्ये दिली आणि आयफोनवर ती मार्च २०११ मध्ये आली. त्याआधी केबलने जोडलेल्या साध्या फोनवरून *९९# हा क्रमांक फिरवून संगणकावर इंटरनेट आणणारी एक पिढी होऊन गेली, आणि तत्त्व तेव्हाही हेच होते.

केबलची ती जुनी वाट आजही सर्वांत भरवशाची आहे. रस्त्याच्या कामात खोदकाम झाले की जमिनीतली फायबर तुटते, आणि मग सेवा केंद्राच्या चालकाला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज फोनच्याच आधाराने भरावा लागतो. अशा वेळी त्याने फोन चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडून सेटिंगमधील 'यूएसबी टिदरिंग' हा पर्याय निवडला, तर वाय-फायचा रेडिओ मोकळा राहतो, संगणकातून फोनला वीजही मिळते आणि मधल्या लहरींची गडबड टळते. वाय-फाय हॉटस्पॉटवर हेच काम तासभर चालवल्यास दोन्ही रेडिओ सतत जागे राहून बॅटरी झपाट्याने उतरते. त्यात मराठवाड्यातला मे महिना असेल तर तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो किंवा हॉटस्पॉटच बंद करतो.

खर्चाची बाजू भारतात बरीच सौम्य आहे. अमेरिकेत मोबाइल कंपन्या हॉटस्पॉटसाठी वेगळे पैसे आकारत आणि ते चुकवणारी ॲप रोखण्याच्या प्रकरणात तेथील दूरसंचार आयोगाने २०१२ मध्ये व्हेरायझनकडून साडेबारा लाख डॉलर भरून घेतले. येथे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि हॉटस्पॉटवर गेलेला डेटा त्याच रोजच्या कोट्यातून वजा होणे हीच सर्वमान्य रीत राहिली. अडचण येते ती लॅपटॉपच्या समजुतीमुळे. वाय-फाय म्हणजे अमर्याद जोडणी असे तो गृहीत धरतो आणि मालकाला न विचारता शेकडो एमबीचे अपडेट उतरवू लागतो. ते टाळण्यासाठी विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड', म्हणजे मोजून मिळणारी, असे ठरवून द्यावे लागते. दीड जीबीचा कोटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबीवर येतो, आणि त्या वेगाने १ एमबीची साधी पीडीएफ उतरायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. 'नेट बंद पडले' असे जे सांगितले जाते, ते पुष्कळदा एवढेच असते.

आता जबाबदारीचा प्रश्न. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतील सानपाडा येथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या वाय-फाय जोडणीवरून गेल्याचे तपासात दिसले, आणि ज्याचा त्या ईमेलशी संबंध नव्हता त्या माणसाच्या दारात पोलीस पोहोचले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याविषयी सूचना दिल्या. फोनच्या हॉटस्पॉटलाही तोच न्याय लागू पडतो, कारण पत्ताबदलामुळे बाहेर एकच सिम दिसते आणि ते ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच पहिली विचारणा होते. म्हणून पासवर्ड १२३४५६७८ ठेवण्यात काही हशील नाही. डब्ल्यूपीए २ किंवा ३ हे कुलूप लावून लांब पासवर्ड ठेवणे आणि काम झाले की जोडलेल्या उपकरणांची यादी पाहून हॉटस्पॉट बंद करणे ही किमान खबरदारी आहे. दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवरून यूपीआयने पैसे देण्याची भीती मात्र बरीचशी अनाठायी म्हणावी लागेल, कारण तो व्यवहार कुलूपबंद स्वरूपातच जातो आणि हॉटस्पॉट देणाऱ्याला त्यातला मजकूर वाचता येत नाही.

अनोळखी वाटसरूला इंटरनेट द्यायचे तर त्यासाठी वेगळी व्यवस्था अस्तित्वात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या 'पीएम-वाणी' योजनेत चहाच्या टपरीवाल्यालाही परवाना किंवा शुल्काशिवाय सार्वजनिक डेटा कार्यालय चालवता येते, म्हणजे ब्रॉडबँड जोडणी घेऊन ती छोट्या रकमेच्या कूपनवर ग्राहकांना देता येते. देशात अशी केंद्रे दोन लाखांच्या पुढे गेली; तरीही कंपन्या या छोट्या दुकानदारांकडे महागड्या व्यावसायिक जोडणीचा आग्रह धरत असल्याने योजना रखडते अशी ओरड होती, आणि जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने त्यांच्यासाठीचा दर घरगुती जोडणीच्या दुपटीपेक्षा अधिक असू नये असे ठरवून दिले. दोन महामार्गांच्या सांध्यावरील हॉटेलचालकाला यात केवळ चार पैशांपेक्षा मोठा लाभ आहे: या पद्धतीत ग्राहकाची ओळख त्याच्या मोबाइल क्रमांकावरून ॲपमार्फत पटवली जाते आणि वापराची नोंद व्यवस्थेकडे राहते. त्यामुळे उमरखेडकडे निघालेल्या कोणा अनोळखी माणसाने त्या जोडणीवर काय केले, याचा जाब हॉटेलवाल्याच्या स्वतःच्या सिमवर येऊन पडत नाही.