मुंबईचें सेंट थॉमस ख्रिस्तमंदिर

तेलगांवाहून मुंबईस गेलेला विद्यार्थी तेथील लोकलगाडीवर ‘चर्चगेट’ हें नांव वाचतो. पण हें चर्च कोणतें व तें गेट कोठें गेलें, हा प्रश्न त्याच्या मनांत क्वचितच येतो. गेट म्हणजे मुंबईच्या किल्ल्याचा एक दरवाजा. किल्ल्याचा तट पाडला गेला, त्याबरोबर तोहि गेला. ज्यामुळें त्यास हें नांव पडलें, तें सेंट थॉमस ख्रिस्तमंदिर मात्र आजहि उभें आहे. २०१८ सालीं त्यास तीनशें वर्षें पुरीं झालीं. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें. कारण तींत अभिमानाचा भाग आहे, तसा लज्जेचाहि आहे.

गव्हर्नर जेराल्ड आँजिअर यांनीं १६७६ च्या सुमारास या मंदिराचा पाया घातला. पुढील वर्षीं ते वारले. भिंती सुमारें पंधरा फूट उंच होऊन काम थांबलें, आणि जवळजवळ चाळीस वर्षें त्या तशाच छपरावांचून उभ्या होत्या. १७१४ सालीं रिचर्ड कॉब हे धर्मोपदेशक मुंबईस आले. अर्धवट भिंती पाहून ते स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं लोकांस उपदेश केला आणि वर्गणी जमविली. गव्हर्नर चार्लस बून यांचेंहि साह्य मिळालें, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशीं मंदिर उपासनेकरितां उघडलें.

त्या दिवशीं रामा कामाठी नांवाचे एक धनवान हिंदु गृहस्थ तेथें आले होते. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करणारे ते हेच. ख्रिस्ती उपासनेंतील शिस्त व गांभीर्य पाहून ते संतुष्ट झाले, आणि उपासना संपेपर्यंत आपल्या ज्ञातिबांधवांसह बाहेर उभे राहिले, असें कॉब यांनीं लिहून ठेविलें आहे. परधर्माविषयीं आदर कसा असावा याचा हा धडाच होय.

परंतु पुढें काय झालें? कान्होजी आंग्रे यांच्याशीं गुप्त संधान बांधल्याचा आरोप रामा कामाठी यांच्यावर आला. १७२० सालीं, त्याच बून यांच्या अमदानींत, त्यांस जन्मठेपेची शिक्षा झाली व मालमत्ता जप्त झाली. ते तुरुंगांतच वारले. पुराव्यादाखल दाखविलेलीं पत्रें बनावट होतीं, हें पुढें उघडकीस आलें. पण तोंपर्यंत फार उशीर झाला होता.

पुढें बिशप थॉमस कार यांच्या काळांत, १८३८ च्या सुमारास, हें मंदिर कॅथीड्रल, म्हणजे बिशपांच्या आसनाचें मंदिर, झालें. १९७० पासून तें चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. त्याच्या जीर्णोद्धाराबद्दल २००४ सालीं युनेस्कोचें पारितोषिकहि मिळालें.

विद्यार्थी मित्रांनो, अर्धवट राहिलेलें काम एका माणसाच्या चिकाटीनें पुरें होऊं शकतें, हें कॉब यांच्यापासून शिका. परंतु दगडी भिंती पुऱ्या करणें त्यामानानें सोपें. बाहेर आदरानें उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यास न्याय देणें त्याहून कठीण. चर्चगेटास उतराल तेव्हां या मंदिरांत अवश्य जा, आणि आंत शिरण्यापूर्वीं क्षणभर बाहेर थांबून रामा कामाठींचें स्मरण करा.