रंगमंदिराची ओसरी

रंगमंदिर हा शब्द आपल्या दोन्ही भाषांचा. मराठीत रंगमंदिर, कन्नडमध्ये रंगमंदिरा. पण तो ऐकल्यावर डोळ्यांसमोर काय येते? तिकीट खिडकी, खुर्च्या, पडदा आणि एक बंद दरवाजा. प्रयोगाआधी अर्धा तास उघडायचे आणि प्रयोग संपला की कुलूप लावायचे, अशी ती वास्तू. घराला ओसरी असते, कन्नड घराला जगली असते. तिथे येणाऱ्याला 'काय काम आहे?' असे कुणी विचारत नाही. नाट्यगृहालाही अशी ओसरी असावी, हे मात्र सहसा कुणाला सुचत नाही.

पणजीची कला अकादमी बांधताना ते सुचले. म्हणूनच बेळगावहून चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला जाणाऱ्यांनी समुद्राबरोबर ही इमारतही पाहावी. तिकीट काढून नाटकाला बसायचे नसले तरीही.

रस्त्यापासून नदीपर्यंत

कांपाल भागात मांडवीच्या काठी ही वास्तू आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. मूळ गोव्याचे, जन्म १९३० साली सिकंदराबादचा, कर्मभूमी मुंबई. १९७० च्या दशकात त्यांनी आराखडा केला आणि १९८३ मध्ये इमारत पूर्ण झाली.

सरकारी पैशातून कलामंदिर बांधायचे म्हटले की भव्य पायऱ्या, उंच खांब आणि घुमट आठवतात. कोरियांनी यातले काहीच केले नाही. इमारत बुटकी, ऐसपैस पसरलेली. जांभा दगड आणि काँक्रीट एवढाच तिचा साज. रस्त्याकडून आत शिरताना डोक्यावर काँक्रीटच्या तुळयांचा मांडव लागतो. त्यातून ऊन-सावली गाळून खाली येते. मांडवाखालून पुढे गेले की मोकळे, हवेशीर दालन आणि त्याच्या पलीकडे थेट नदी. रस्ता कुठे संपला आणि कला अकादमी कुठे सुरू झाली, हे नेमके सांगता येत नाही.

या मोकळेपणामुळेच वर्षानुवर्षे तिथे फक्त रसिक आले नाहीत. तालमीला आलेली मुले, पेटी-तबला शिकायला आलेले विद्यार्थी, नदीकाठच्या कॅन्टीनमध्ये चहाला टेकलेले नोकरदार असे सगळेच आले. चहा पिता पिता कानावर सूर पडले आणि माणूस आत डोकावला, असे घडायला जागाही तशी लागते.

कोरियांनी भोपाळचे भारत भवनही असेच बांधले. १९८२ साली सुरू झालेली ती वास्तू तलावाच्या उतारावर अशी बसवली आहे की आधी गच्ची आणि अंगणे लागतात, इमारत नंतर दिसते. तिथल्या रंगमंडळाची धुरा सुरुवातीच्या काळात कन्नड रंगभूमीच्या बी. व्ही. कारंत यांनी सांभाळली होती.

भिंतीवरचे प्रेक्षक

कला अकादमीच्या मुख्य नाट्यगृहाला मास्टर दीनानाथ मंगेशकरांचे नाव आहे. आसने सुमारे हजार. आत बसल्यावर भिंतींकडे जरूर पाहावे. जुन्या गोमंतकीय नाट्यगृहातले सज्जे तिथे रंगवलेले आहेत आणि त्यांत नटून-थटून बसलेले प्रेक्षक. हे काम मारियो मिरांडा यांचे. त्यामुळे प्रयोगाला गर्दी कमी असली तरी नाट्यगृह ओस वाटत नाही. शेजारी खुले नाट्यगृहही बांधले गेले.

एकाच सभागृहात मराठी संगीत नाटक, कोकणी तियात्र, ख्यालगायन आणि पाश्चात्य वाद्यवृंद. आवाजाच्या दृष्टीने हे अवघड गणित असते. नाटकातला शब्द स्पष्ट कळायचा तर सभागृहातला घुमारा साधारण एका सेकंदात विरावा लागतो. वाद्यवृंदाला तोच घुमारा जवळपास दोन सेकंद हवा असतो. भिंतींचा पोत, छताचा उतार, खुर्च्यांचे कापड, जमिनीवरचा गालिचा या सर्वांचा त्यावर परिणाम होतो. म्हणून सभागृहात नुसते खुर्च्यांचे कापड बदलले तरी आवाज बदलू शकतो.

दुरुस्ती की नवे बांधकाम?

मांडवीचा खारा वारा आणि कोकणी पाऊस यांत काँक्रीट झिजणारच. २०१९ मध्ये ही इमारत पाडण्याची भाषा सरकारी पातळीवर झाली, तेव्हा कलाकार, वास्तुरचनाकार आणि सामान्य गोमंतकीय रस्त्यावर उतरले. तिकीट न काढता आत येणाऱ्यालाही जी जागा आपली वाटते, तिच्यासाठीच माणसे अशी धावून येतात. पाडण्याचा विचार मागे पडला आणि २०२१ मध्ये नूतनीकरण सुरू झाले. पण १७ जुलै २०२३ रोजी काम चालू असतानाच खुल्या रंगमंचावरचे छत कोसळले. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये अकादमी पुन्हा खुली झाली, पण लगेच ध्वनी, प्रकाशयोजना आणि गळती यांबद्दल कलाकारांच्या तक्रारी सुरू झाल्या. २०२४ मध्ये त्यासाठी रंगकर्मींचे कृतिदल नेमावे लागले.

जे काम सुरू होण्यापूर्वी विचारायला हवे होते, ते काम संपल्यावर विचारले गेले. रंगमंचावर उभे राहणाऱ्याला कोणत्या कोपऱ्यात आवाज पोहोचत नाही हे ठाऊक असते. पडदा ओढणाऱ्याला दोर कुठे अडकतो हे ठाऊक असते. निविदा काढणाऱ्याच्या कागदावर हे नसते.

आपल्या गावात

सीमाभागात एकाच रंगमंचावर आज मराठी नाटक आणि उद्या कन्नड नाटक होते. अशा रंगमंदिराला ओसरीची गरज अधिकच. आतल्या प्रयोगांचे प्रेक्षक भाषेप्रमाणे वेगळे असतील. पण बाहेर सावलीला बसायला कट्टा असेल, चहा मिळत असेल आणि संध्याकाळी दार उघडे असेल, तर दोन्हीकडची मुले तिथे एकत्र बसतील. कट्ट्याला कन्नडमध्येही 'कट्टे'च म्हणतात.

म्हणून आपल्या गावच्या नाट्यगृहाचे नूतनीकरण निघेल तेव्हा वातानुकूलन आणि ग्रॅनाइट यांच्याआधी दोन प्रश्न विचारावेत. शेवटच्या रांगेतल्या आजींना ध्वनिवर्धकाशिवाय संवाद ऐकू येईल का? आणि ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे नाहीत, त्याला टेकायला जागा कुठे ठेवली आहे? हे प्रश्न भूमिपूजनाच्या आधी विचारावेत. उद्‌घाटनाचा नारळ फुटल्यावर त्यांचा उपयोग नसतो.