बर्फाआधीची कामं

निफाडला पारा पाच अंशांच्या खाली उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि पहाटे बागेला पाणी दिलं जातं. ही थंडी चार-आठ रात्रींची असते, त्यामुळे तिच्याशी त्या त्या रात्री झुंजता येतं. कॅनडाच्या सस्कॅचवान किंवा मॅनिटोबा प्रांतात पारा उणे 30 अंशांपर्यंत जातो आणि जमीन महिनोन् महिने दगडासारखी असते. ऐन थंडीत तिथे करण्यासारखं फारसं उरत नाही. जे काही करायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरात, माती अजून मऊ असताना. टोरंटोच्या गर्दीतून बाहेर पडून मोठ्या परसाचं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनी तिथल्या शेतकऱ्यांकडून हे आवर्जून शिकावं. कारण थंडीपेक्षा जास्त नुकसान करतात त्या तीन गोष्टी: वारा, ओल आणि गेलेली वीज.

बर्फ हवाच

भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते, म्हणून तो जमिनीवर गोधडीचं काम करतो. बाहेर उणे 30 असताना फूटभर बर्फाखालची माती शून्याच्या थोडीच खाली राहू शकते. प्रेअरीतला, म्हणजे या प्रांतांच्या सपाट मैदानातला, हिवाळी गहू यावरच जगतो. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात पेरलेलं हे रोप बर्फाखाली झोपतं आणि वसंतात पुन्हा वाढीला लागतं. बर्फाचा थर वाऱ्याने उडाला तर ते मरतं. म्हणून तिथले शेतकरी आधीच्या पिकाची धसकटं उपटत नाहीत, त्यांच्यातच पेरणी करतात. उभ्या धसकटांत बर्फ अडकून राहतो. लसूणघासाचंही तसंच. कडक हिम पडण्याआधीचे सुमारे सहा आठवडे तो कापत नाहीत. त्या काळात मुळं हिवाळ्यासाठी अन्न साठवतात, आणि मागे राहिलेले खुंट बर्फ धरून ठेवतात.

कॅनडाने 1967 मध्ये कुठे कोणतं झाड हिवाळा काढू शकेल हे सांगणारा नकाशा काढला. त्यात किमान तापमानाबरोबर बर्फाच्या थराची जाडी आणि वाऱ्याचा वेगही धरलेला आहे. वारा अडवण्याचं मोल सरकारनेही ओळखलं होतं. 1901 मध्ये सुरू झालेल्या योजनेत, सस्कॅचवानमधल्या इंडियन हेडच्या रोपवाटिकेतून, 2013 पर्यंत 60 कोटींहून अधिक रोपं शेतकऱ्यांना दिली गेली. घराभोवती आणि शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या झाडांच्या त्या ओळी आजही वारा अडवतात आणि बर्फ धरतात.

परसातली कामं

लसूण आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात. टोरंटोच्या ओंटारियो प्रांतातही तो साधारण ऑक्टोबरातच लावतात, पण काढणी होते पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये. मधली थंडी त्याला लागतेच. तिच्याशिवाय गड्डीत पाकळ्या नीट भरत नाहीत. पाकळी टोक वर करून, बोटभर खोल लावायची आणि माती थंडावली की वर पेंढ्याचं जाड आच्छादन घालायचं. हे आच्छादन ऊब देण्यासाठी नसतं. माती वारंवार गोठून आणि वितळून फुगते तेव्हा पाकळ्या वर ढकलल्या जातात, ते थांबवण्यासाठी असतं.

गुलाबाच्या बुंध्याशी मातीची फूटभर भर द्यावी, पण थंडी स्थिरावल्यावरच. घाई केली तर आत ओल साचून खोड कुजतं. सफरचंदाच्या कोवळ्या झाडांच्या खोडाला पांढरी प्लास्टिकची नळी गुंडाळावी. ती सशांपासून आणि उंदरांपासून साल वाचवते, शिवाय हिवाळी उन्हाने साल तडकत नाही. बर्फ पडल्यावर झाडाभोवती तो पायाने दाबून टाकावा, म्हणजे उंदरांना आतून बोगदे करता येत नाहीत.

कढीपत्त्याची कुंडी मात्र रात्रीचं तापमान 10 अंशांवर येण्याआधीच घरात घ्यावी. आणण्यापूर्वी पानांची खालची बाजू धुवावी, नाहीतर किडी घरात हिवाळा काढतात. जास्तीत जास्त ऊन येणाऱ्या खिडकीशी ती ठेवावी. पानं गळली तर घाबरून पाणी वाढवू नये. झाड विसावलेलं असतं, जास्त पाण्याने मूळ सडतं.

गोठ्यात कोरडं हवं

दाट हिवाळी केस आलेली, कोरडी आणि धष्टपुष्ट गाय साधारण उणे आठ अंशांपर्यंत जादा चाऱ्याशिवाय तग धरते. तीच गाय भिजलेली असेल तर 15 अंशांनाच तिला थंडी बाधू लागते. त्या मर्यादेच्या खाली प्रत्येक अंशामागे तिची ऊर्जेची गरज सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. म्हणून जाड, कोरडा पेंढा आणि वाऱ्याला आडोसा या दोन गोष्टी बंदिस्त उबदार गोठ्यापेक्षा मोलाच्या. गच्च बंद गोठ्यात जनावरांच्या श्वासाची वाफ साचते आणि फुफ्फुसांचे आजार होतात. दूध काढल्यावर सड कोरडे झाल्याशिवाय गाय बाहेर सोडायची नाही, ओले सड लगेच गोठतात. पाणी गोठू न देणारी तापती टाकी हवीच, कारण पाणी कमी प्यायलेली गाय चाराही कमी खाते.

वीज गेली तर

जानेवारी 1998 मध्ये पूर्व ओंटारियो आणि दक्षिण क्युबेकमध्ये पाच-सहा दिवस गोठणारा पाऊस पडत राहिला. वरच्या उबदार हवेतून आलेले थेंब खालच्या थंड हवेत शिरून तारा, खांब, मेपलच्या फांद्या यांवर बसताक्षणी गोठत होते. विजेचे पोलादी मनोरे त्या वजनाखाली कोसळले. 40 लाखांहून अधिक लोक अंधारात गेले, काही भागांत वीज यायला महिना लागला. दुग्ध व्यावसायिकांची दूध काढायची यंत्रं बंद पडली. जनित्रं एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात फिरवावी लागली, कारण वेळेवर न पिळलेल्या गाईला कासदाह होतो. लाखो लिटर दूध ओतून द्यावं लागलं. या संकटात दगावलेल्यांत कार्बन मोनॉक्साइडने गुदमरलेले लोकही होते.

गावाकडच्या घरात बोअरचा पंप विजेवर चालतो, म्हणजे वीज गेली की पाणीही गेलं. वादळाचा इशारा मिळताच पिंपं, बादल्या आणि बाथटब भरून ठेवावेत. किमान 72 तास पुरेल इतकं अन्नपाणी आणि औषधं घरात असावीत, असा कॅनडा सरकारचा सल्ला आहे. कार्बन मोनॉक्साइड टाळण्यासाठी जनित्र कायम बाहेर, दारं-खिडक्यांपासून दूर चालवावं. गॅरेजचं दार उघडं ठेवूनही ते आत चालवू नये. घराच्या जोडणीत ते वीजतंत्र्याकडून बदल-स्विच बसवूनच जोडावं, नाहीतर उलट गेलेला प्रवाह तारेवर काम करणाऱ्याचा जीव घेऊ शकतो. लाकडाच्या शेगडीचा धुराडा हंगामाआधी साफ करून घ्यावा. सरपण निदान सहा महिने वाळवलेलं असावं. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर ठेवावी, कारण तिच्यातले निखारे दिवसभरानंतरही जिवंत असू शकतात.

तुमचं कुणी कॅनडात गावाकडे राहत असेल, तर ऑक्टोबरात फोन कराल तेव्हा या तीन गोष्टी नक्की विचारा: धुराडा साफ केला का, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची बॅटरी बदलली का, आणि वीज गेली तर पाणी कुठून येणार? उत्तर नसेल, तर त्याच आठवड्यात ते शोधायला सांगा.